उशिरा पिसं टाकणारी कोंबडी

डिसेंबरच्या मध्यावर निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा चार-पाच अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात, अख्खं घर जागं असतं. त्याच घराच्या मागल्या दारी एखादी कोंबडी मानेपासून शेपटीपर्यंत उघडी पडलेली असते. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. बघितलंच तर ‘हिला काहीतरी झालंय, देऊन टाका’ एवढ्यावर विषय संपतो.

तिला काहीही झालेलं नाही. कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकते आणि नवी घेते. पहिल्या वर्षाची अंडी देऊन झाली की, म्हणजे साधारण सोळा ते अठरा महिन्यांच्या वयात, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसतं. प्रश्न एवढाच, की हे काम ऐन थंडीत आलं तर तिला द्यायचं काय, आणि मुळात तिला ठेवायचं की नाही. याबाबत दोन बाजू आहेत आणि दोन्हीकडची माणसं कोंबड्यांना जवळून ओळखणारी आहेत, म्हणून त्यांना इथे समोरासमोर बसवलं आहे. आत्या परसात पंधरा-वीस कोंबड्या पाळते : काही गावठी, काही गिरिराज, दोन-तीन तांबड्या. भाच्याने पशुवैद्यकीय पदविका घेतली आहे आणि लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, फार्मवर काही वर्षं काम केलं आहे. दोघंही कल्पनेतली, त्यांची वाक्यं मात्र या पट्ट्यात नेहमी कानावर पडणारी.

भाचा : आत्या, ही तांबडी काढून टाक. महिना झाला, अंडं नाही. खाणं मात्र चालूच. परवा कोंबडीवाला येईल, त्याला दे.

आत्या : दिवाळी उलटून गेली तरी देत होती रे ती. ती पांढरी बघ, दसऱ्यालाच थांबली.

भाचा : तेव्हा दिली, आता काय? फार्मवर आम्ही बहात्तर ते ऐंशी आठवड्यांचे पक्षी झाले की लॉट काढतो. पिसं टाकायला लागली की दोन-तीन महिने नुसतं खाणं. दिवसाला एकशे दहा ग्रॅम धर. अडीच महिन्यांत आठ किलो खाद्य गेलं. ते कुठून भरून निघायचं?

आत्या : तुझ्या फार्मवर पिल्लं विकत येतात आणि पक्षी विकले जातात. माझ्याकडे पिल्लं यांच्याच अंड्यांतून निघतात. तांबडी विकली तर पुढच्या खेपेला खुडूक कोंबडीखाली कुणाची अंडी ठेवू? त्या पांढरीची?

भाचा : पांढरीची ठेव की. ती बघ कशी भरली आहे, पिसं चकचकीत. ही तर भिकार दिसतेय.

आत्या : तू शिकला आहेस ना? मग दसऱ्याला थांबणारी आणि दिवाळीनंतर थांबणारी, यात फरक काय तो तूच सांग.

भाचा : पुस्तकात आहे खरं ते. पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं दहा. मधलं एक आखूड पीस असतं, त्याच्या लगतचं पहिलं गळतं, मग बाहेरच्या अंगाला एकेक. नवं पीस पुरतं वाढायला सहा आठवडे लागतात. कमी अंडी देणारी कोंबडी लवकर सुरू करते आणि रेंगाळते, दोन-दोन आठवड्यांनी एकेक टाकते. म्हणजे दहावं गळेपर्यंत अठरा आठवडे आणि ते भरेपर्यंत चोवीस. चांगली अंडी देणारी उशिरा सुरू करते आणि तीन-चार पिसं एकदम टाकते. तिचं दोन-तीन महिन्यांत आटोपतं.

आत्या : मग आता हिचा पंख उघडून बघ. जरा जपून, दुखतं तिला.

पंख बघण्यासारखाच असतो. बाहेरच्या अंगाला जुनी, टोकं झिजलेली, ऊन-मातीने विटलेली पिसं. आतल्या अंगाला एकाच उंचीचे चार कोंब, निळसर राखी नळीत बंद. नळीचं टोक फुटलेलं आणि त्यातून तांबूस पिसाचा बारीक कुंचला बाहेर आलेला. मुळाशी नळी काळसर जांभळी दिसते, कारण वाढत्या पिसात रक्त वाहत असतं. कोंबडी चोचीने ती नळी वरून वरून कुरतडते आणि तिच्याखाली पांढरा कोंडा पडतो. चारही कोंब एकाच उंचीचे, म्हणजे चार पिसं एकाच वेळी गळली. पांढरीचा पंख उघडला तर तिथे पायऱ्या दिसतील : एक पीस पुरं, दुसरं पाऊण, तिसरं अर्धं.

या वादात मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते. डिसेंबरात अंगणात जी सर्वांत केविलवाणी दिसते, ती बहुधा वर्षभरात सर्वांत जास्त अंडी दिलेली असते. आणि नेमकी तीच विकली जाते, कारण ज्या आठवड्यांत कोंबडीवाला मोटारसायकलला जाळी लावून वस्त्यांवर फिरतो, त्याच आठवड्यांत ती उघडी असते. देखणी, भरल्या पिसांची मागे राहते आणि पुढची पिल्लं तिची होतात. चार-पाच वर्षं असंच चाललं की ‘गावठी कोंबड्या हल्ली अंडी देत नाहीत’ ही तक्रार सुरू होते. ती कोंबड्यांची तक्रार नाही, आपल्या निवडीची आहे.

भाचा : बरं, ठेव. पण मग ही थंडी तिला सोसणार कशी?

आत्या : पक्ष्याची जात आहे. नांदूरमध्यमेश्वरला एवढी बदकं थंडीत पाण्यात बसतात, त्यांना कोण पांघरूण घालतं?

भाचा : आत्या, ती बदकं पिसं बदलूनच इकडे येतात. तिकडे उत्तरेत अंडी-पिल्लं झाली की उन्हाळ्यातच उडायची सगळी पिसं एकदम टाकतात. काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. नवी आली की मग निघतात. उघड्या अंगाने थंडीत कुणी येत नाही.

आत्या : मग आपल्याच कोंबडीला का ही अवदसा?

भाचा : आपणच तिला दिवाळीपर्यंत अंडी देणारी केली म्हणून.

भाच्याचं हे उत्तर मला पूर्ण पटतं. कोंबडीचा मूळ पूर्वज, लाल रानकोंबडा, विणीनंतर पावसाळ्याच्या महिन्यांत पिसं बदलतो. थंडी येईपर्यंत त्याचं अंग झाकलेलं असतं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जास्त अंडी देणारी, उशिरापर्यंत न थांबणारी कोंबडी निवडली आणि तिचं पिसं टाकणं थंडीत ढकललं गेलं. तेव्हा ‘निसर्गाचं निसर्ग बघेल’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. भरल्या पिसांची कोंबडी निफाडची थंडी आरामात काढते. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि मोठ्या पिसांखालचा मऊ थर हवा धरून ठेवतो. तो थर गेला की ती ऊब खाण्यातूनच पैदा करावी लागते.

आत्या : म्हणून तर खुराड्याला चारी बाजूंनी पोती लावली आहेत, वरून ताडपत्री. रात्री आत शेगडी ठेवू म्हणते.

भाचा : शेगडी चुकूनही ठेवू नकोस. बंद जागेत निखारे ठेवले की जो वायू निघतो त्याला ना वास, ना रंग. सकाळी सगळ्या मेलेल्या सापडतील. मी शंभरचा पिवळा बल्ब लावून देतो.

आत्या : आणि रात्री दोनला लाइट गेली की? तोवर गरम बसलेल्या कोंबड्या एकदम गारठायच्या. आणि खाली तूस, वर तापलेला बल्ब. एखादी फडफडली आणि बल्ब खाली पडला तर?

भाचा : जाळीचं टोपण लावू.

आत्या : जाळीने लाइट जायची थांबते का?

भाचा थोडं मागे सरतो आणि ते बरोबरच आहे. अंगावर पिसं नसलेल्या दोन दिवसांच्या पिल्लाला बल्बची ऊब लागते; मोठ्या कोंबडीला, तीही इथल्या थंडीत, सहसा लागत नाही. ती रात्री दोन भरल्या पिसांच्या कोंबड्यांच्या मध्ये शिरून बसते आणि तिचं भागतं. म्हणूनच टोचाटोची होत नसेल तर तिला वेगळं, एकटं ठेवू नये. पण पोत्यांच्या बाबतीत आत्या चुकते, आणि ही चूक मी इतक्या वस्त्यांवर पाहिली आहे की इथे जरा थांबायला हवं.

भाचा : चारी बाजू बंद केल्यास तर आतला ओलावा जाणार कुठे? कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, विष्ठा टाकतात. तिच्यातून अमोनिया निघतो. पहाटे दार उघडलंस की डोळे चुरचुरतात ना?

आत्या : चुरचुरतात. पण तू म्हणतोस म्हणून थंडी आत घेऊ?

भाचा : थंडी नाही, हवा. वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक आण. तिथे वास आला तर तिच्या फुप्फुसांना तो रात्रभर आला. ओल्या हवेत अंगाची ऊब लवकर जाते, सर्दी धरते. उत्तरेकडची पोती राहू दे, वारा तिकडूनच येतो. दक्षिणेकडची वरची वीतभर जागा मोकळी ठेव, छपराखालची. हवा डोक्यावरून गेली पाहिजे, अंगावरून नाही. दिवसा सगळीच पोती वर गुंडाळ.

आत्या : आणि खाली?

भाचा : भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं, चार ते सहा इंच. दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालीवर कर. मुठीत दाबलं तर गोळा होता कामा नये. गोळा झाला की ओल आहे, तेवढं काढून नवं टाक.

सगळ्याचं सार कोरडेपणात आहे. कोरड्या, वारा न लागणाऱ्या आणि वरून हवा खेळणाऱ्या खुराड्यात अर्धी उघडी कोंबडीही पाच अंशांत रात्र काढते. बसायची काठीसुद्धा या दिवसांत खाली घ्यावी. पंखातली पिसं गेलेल्या कोंबडीला नीट उतरता येत नाही. उंचावरून उडी मारली की ती आदळते आणि वाढता कोंब तुटतो. ज्यांच्या कोंबड्या रात्री शेवग्यावर नाहीतर बाभळीवर बसतात त्यांनी तर संध्याकाळी मोजायलाच हवं. उघडी कोंबडी फांदीपर्यंत पोचत नाही, बुंध्याशी बसून राहते आणि रात्री रानमांजराच्या तावडीत सापडते. तिला उचलून डालग्याखाली झाकावं.

आत्या : नातीच्या जुन्या स्वेटरची बाही कापून हिला घालावी असंही मनात आलं होतं.

भाचा : नको. ते कोंब फार हळवे असतात. लोकर त्यांच्यावर घासली की दुखतं, आणि तिला चोचीने पिसं साफ करता येत नाहीत. नळी आपसूक गळायची तर तिने ती कुरतडायला हवी. पोरांनाही सांग, हिला उचलू नका. कोंबडा असेल तर तोही दूर ठेव, तो पाठीवर चढतो.

आत्या : एखादा कोंब तुटला तर?

भाचा : भळाभळा रक्त येतं. हळद दाबून धर, थांबेपर्यंत. आणि रक्त दिसलं की बाकीच्या टोचायला लागतात, म्हणून तेवढ्यापुरती ती वेगळी.

आता खाण्याचं. खरा वाद इथेच होता आणि इथेच तो सुटतो.

आत्या : खायला मी काही कमी करत नाही. सकाळी बाजरी, संध्याकाळी मका. रात्री पोट भरलेलं असलं की थंडी वाजत नाही.

भाचा : संध्याकाळचा मका बरोबर आहे, रात्रभर पचत राहतो आणि ऊब देतो. पण त्याने पोट भरतं, पिसं नाही येत. पिसात शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग प्रथिन असतं. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगावर सव्वाशे ग्रॅम पिसं धर. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर प्रथिन. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं.

आत्या : म्हणजे सोळा-सतरा अंडी.

भाचा : तेवढं ती सध्या अंगावर चढवतेय.

आत्या : आणि मघाशी तू म्हणालास, नुसतं खाते.

भाचा गप्प बसतो. फार्मच्या वहीत पिसांचा रकाना नसतो, म्हणून ते काम दिसत नाही. अंडं ट्रेमध्ये मोजता येतं, पीस मोजता येत नाही. पण शरीर दोन्ही एकाच कोठारातून काढतं आणि दोन्ही एकदम पुरवणं त्याला जमत नाही, म्हणून अंडाशय आणि अंडनलिका आखडतात, विश्रांती घेतात. नंतरची अंडी संख्येने पहिल्या वर्षापेक्षा कमी असली तरी आकाराने मोठी येतात, आणि थांबण्याआधीच्या अंड्यांपेक्षा त्यांची कवचंही बळकट असतात, ती याच विश्रांतीमुळे.

भाचा : मक्यात शंभर ग्रॅमला नऊएक ग्रॅम प्रथिन, बाजरीत अकरा-बारा. तिला या दिवसांत खाद्यात सोळा ते वीस टक्के पाहिजे.

आत्या : सोयाबीन आहे घरात. लासलगावला नेलं नाही अजून.

भाचा : कच्चं देऊ नकोस. त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो. चांगलं भाजून भरड, नाहीतर पेंड आण. शेंगदाण्याची पेंड दिलीस तर वास बघून घे. बुरशी आलेली पेंड म्हणजे कोंबडीच्या यकृताला विष.

आत्या : मग झालं. सोयाबीन भाजून घालते.

भाचा : एवढ्याने होत नाही. पिसाला गंधक असलेलं प्रथिन लागतं, मेथिओनिन, सिस्टिन. सोयाबीन आणि शेंगदाणा त्यात कमी पडतात. तीळ, सूर्यफूल आणि मासळी यांत ते भरपूर.

आत्या : संक्रांतीचे तीळ कोंबडीला?

भाचा : तीळ नको, तिळाची पेंड. घाण्यावर मिळते. आणि थोडी सुकट. खारवलेली नको, मिठाने त्रास होतो; बिनमिठाची मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन पाण्यांतून धुऊन. एका कोंबडीमागे दहा-बारा ग्रॅम पुरे.

आत्या : माहेरी आम्ही वाळवी द्यायचो. मडक्यात शेण, ओला कडबा आणि पोत्याचा तुकडा भरायचा आणि वाळवी असेल तिथे संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळी मडकं अंगणात झटकलं की कोंबड्या तुटून पडायच्या.

भाचा : त्याच्यासारखं खाद्य नाही. मी आणून देतो ते पोतं याच्यापुढे काही नाही.

वाळवीच्या मडक्याची ही युक्ती परसातल्या कोंबड्यांसाठी आजही तितकीच कामाची आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. फक्त शेताला वाळवीचं औषध मारलं असेल तिथली वाळवी उचलू नये. आणखी एक : अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मिळणारं तयार लेअर खाद्य या काळात एकटंच घालत राहू नये. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. जी अंडीच देत नाही तिच्या मूत्रपिंडावर त्याचा महिनोन्‌महिने भार कशाला? वाढत्या कोंबड्यांचं, ग्रोअरचं खाद्य घालावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. जिला हवा ती खाईल. पहाटेचं पाणी कोमट करून द्यावं, कारण फार गार पाणी त्या कमी पितात आणि पाणी कमी झालं की खाणंही घटतं.

आत्या : पण ही पिसं उवांनी गेली नसतील कशावरून?

भाचा : शंका रास्त आहे. उवा असल्या तर शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढऱ्या अंड्यांचे पुंजके दिसतात आणि नवे कोंब दिसत नाहीत. दुसरे किडे रात्री फटीतून निघून रक्त पितात. रात्री पांढरं फडकं काठीच्या खालून पुस. लाल रेघ उमटली तर आहेत. मग आधी खुराडं साफ कर, औषध फटीत मार. उघड्या कातडीवर मारू नकोस.

आत्या : चुलीची राख आणि माती एका कोपऱ्यात टाकली आहे, लोळतात त्यात.

भाचा : राहू दे ती. मानमोडीची लस मात्र पिसं टाकायच्या आधीच झालेली बरी. चालू पिसांत पकडापकडी नको.

शेवटचा मुद्दा दिव्याचा. इथे दोघांचं पटत नाही, आणि माझा कौल बहुतांशी आत्याच्या बाजूने आहे.

भाचा : उबेसाठी नको म्हणतेस तर राहू दे. पण अंड्यांसाठी साधा एलईडी लावू दे. पहाटे चारला सुरू, उजाडल्यावर बंद. नाशिकला डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा. भरपूर अंड्यांना चौदा ते सोळा तास उजेड लागतो. उजेड डोळ्यांतूनच जातो असं नाही, कवटीतून थेट मेंदूला कळतो. दिवा लावला की या लवकर सुरू होतील.

आत्या : पिसं अर्धी असताना?

भाचा : हो.

आत्या : म्हणजे एका हाताने अंडं आणि दुसऱ्या हाताने पीस. आत्ताच म्हणालास, दोन्ही एकदम जमत नाही.

भाचा : खाद्य वाढवू.

आत्या : खाद्य तू वाढवशील, पण झोप? पहाटे चारला सर्वांत जास्त गारठा असतो. तेव्हा ती काठीवर दाटीवाटीने बसलेली असते. दिवा लागला की उतरून उघडी फिरणार. माझं एक ऐक. पंखातली पिसं पुरी होऊ दे, तुरा लाल होऊ दे, मग लाव तुझा दिवा.

दिवा वाईट नाही. पिसं भरल्यावर पहाटेचे दोन-तीन तास वाढवले तर अंडी लवकर सुरू होतात आणि कोंबडीचं काही बिघडत नाही. वाढवायचा तो पहाटेकडून. संध्याकाळी एकदम अंधार केला तर कोंबड्या जमिनीवरच अडकतात. पण चालू पिसांत दिवा लावणं म्हणजे पुऱ्या न झालेल्या कामावरून तिला उठवणं. आश्विनापासून दिवा लावून अंडी ओढत नेली तर पिसं टळत नाहीत, फक्त पुढे जातात, आणि मग ती नेमकी कडाक्याच्या थंडीत गळतात. युरोपात डिसेंबरचा दिवस आठ तासांवर येतो, म्हणून तिथे कळपच्या कळप एकदम पिसं टाकतात. आपल्याकडे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. म्हणून इथे एक कोंबडी दसऱ्याला, दुसरी पौषात, तिसरी पिल्लं वाढवून झाल्यावर. अख्ख्या खुराड्याला एकच उपाय लावणं इथे चालत नाही. पंख उघडून प्रत्येकीचं वेगळं बघावं लागतं.

आत्या : फार्मवर तुम्ही दिवा बंद करून, उपाशी ठेवून पिसं पाडता, असं ऐकलंय. खरं का?

भाचा : काही ठिकाणी करायचे. कित्येक दिवस खाद्य बंद. सगळ्या एकदम पिसं टाकतात आणि एकदम अंड्यावर येतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ साली ते बंद करायला सांगितलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न न देणं हा गुन्हाच आहे. मी काम केलं तिथे ते नव्हतं. असतं तर मी थांबलो नसतो.

आत्या : बरं झालं.

इथे मला भाच्याचा सूर बदललेला वाटतो. फार्मवरचं त्याचं गणित आजही तेच आहे, हजार पक्ष्यांचा लॉट तो अडीच महिने बसवून ठेवू शकत नाही, आणि तसा दावा आत्याही करत नाही. पण परसातलं गणित वेगळं आहे हे त्याला मान्य झालं आहे.

भाचा : मग असं कर. ज्या ज्या दिवाळीनंतर थांबल्या त्यांच्या पायात दोरा बांध. तांबडी, ती ठिपकेवाली आणि गिरिराजमधली एक. सैल बांध.

आत्या : आणि अंडी सुरू झाली की त्यांचीच खुडूक कोंबडीखाली ठेवू?

भाचा : पहिली लगेच नको. कोंबडाही पिसं टाकतो, त्या दिवसांत त्याची अंडी फळत नाहीत. त्याची गळ्यावरची पिसं भरली, बांग सुरू झाली की त्याला कळपात सोड. मग दोन आठवडे जाऊ दे, त्यानंतरची ठेव. खाद्यसुद्धा एकदम बदलू नकोस, आठवडाभरात हळूहळू लेअरवर आण.

आत्या : म्हणजे शिवरात्रीच्या सुमाराला. ऊन तापायच्या आत पिल्लं निघाली पाहिजेत.

भाचा : निघतील. त्यातली सहा अंडी मला दे. फार्मवर नको, घरी ठेवतो.